पुसू नका

दुसऱ्या मजल्यावरचा तो फळा खिडकीला लागून होता, आणि अख्ख्या इन्स्टिट्यूटमधे वारा म्हणून काही यायचा तो तिथंच. त्या फळ्यावर कुणीतरी कधीचं बारीक अक्षरात गिचमीड करून ठेवलेलं. भोवती खडूची जाड चौकट. वर लिहिलेलं – पुसू नका.

मेदिनीनं पुसलं.

एकदम नाही पुसलं. आधी बरेच दिवस येता-जाता बघितलं, कुणी फिरकतंय का. कुणी नाही. खडूवर धूळ बसलेली, एका कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणायला घेतलेलं. शिकलेल्या लोकांचं हे असंच – जागा अडवायची, वर पाटी लावायची आणि गायब व्हायचं. त्या दिवशी तर तिचं डोकं सकाळपासून फिरलेलं. कॉम्प्युटरनं परत तोच आकडा तोंडावर फेकला होता. झोप नाही, डोळ्यांत कुणी खडू फिरवल्यासारखं होत होतं. तिनं डस्टर उचललं आणि वरपासून खालपर्यंत, चौकटीसकट, कोळ्यासकट...

"ते माझं होतं."

मागं एक लांबडा माणूस उभा. बाहेर बेंगळुरूची ती कामचुकार भुरभुर चालू होती, धड पडत नाही, धड थांबत नाही. त्याच्या छत्रीचं पाणी त्याच्याच चपलेवर गळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"काय तुमचं होतं?" मेदिनी म्हणाली.

"ते जे तुम्ही आत्ता..." त्यानं हवेतच हात फिरवून पुसून दाखवलं.

"नाव कुठं होतं?"

"पुसू नका असं होतं की."

"ते नाव असतं होय? नाव पुसू नका, आडनाव धूळ?"

आता हा चिडणार, असं वाटून ती भांडायला सरसावून उभी राहिली. भांडण झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. पण तो हसला. तोंडानं नाही, फक्त खांदे हलले – फार दमलेली माणसं हसतात तसे.

"बरं झालं," तो म्हणाला. "मधेच कुठंतरी चूक होती त्यात. मला माहीत होतं. पण फळा भरलेला होता तोवर असं वाटायचं की काम चालूय."

मेदिनीच्या हातातलं डस्टर एकदम जड झालं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "कॉफी घेता? बाय-टू?"

*

खालच्या कँटीनमधे बाय-टू मागितलं की सुब्राय भट एक कॉफी दोन पेल्यांत ओतून द्यायचे. सगळे त्यांना भट्रु म्हणायचे. भट्रुंचा हात असा की दोन्ही पेल्यांत फेससुद्धा सारखा. पण दोन अनोळखी माणसांनी बाय-टू मागितलं की भुवया जरा वर जायच्या, आणि त्या दिवशी गेल्याच.

त्याचं नाव शरणबसव. बागलकोटकडचा. सगळे शरणू म्हणायचे आणि त्याच्या तिकडच्या रांगड्या बोलण्याची नक्कल करायचे. मेदिनी सागरची, सुपारीच्या बागांतली. तिकडच्या माणसांच्या वाक्याला शेवटी 'मारायरे' लागतंच, जीव ओवाळून टाकल्यासारखं, मग शिवी का देत असेनात.

"तुम्ही कशावर करता काम?" शरणूनं विचारलं.

"क्वांटम जॉमेट्री."

"मी पण तेच की! मग आमच्या सेमिनारला कधी दिसला नाहीत?"

"तुम्ही आमच्या कधी दिसलात, मारायरे?"

दोघं एकमेकांकडं बघत बसले. मग दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनी एकदमच मान हलवली.

"तुम्ही त्या जागेच्या दाण्यांवाले," मेदिनी म्हणाली.

"दाणेवाले म्हणा, शेंगदाणेवाले म्हणू नका म्हणजे झालं." त्यानं टेबलावर बोट टेकवलं. "आमच्यात ही जागाच दाण्यांची असती. ही एवढी जागा घ्या, अर्धी करा, परत अर्धी करा, करत जा... एक वेळ अशी येती की पुढं अर्धं होत नाही. शेवटचा जोंधळ्याचा दाणा समजा. त्याच्या खाली जागाच नाही. असं आम्ही म्हणतो. बघितलं कुणी नाही."

"म्हणजे त्याचं बाय-टू होत नाही."

"नाही होत. शेवटची कॉफी एकट्यानंच प्यायची."

हे तो इतक्या सहज बोलला की मेदिनीला कुठंतरी बोचलं. तिनं पेला फिरवला. "माझ्यात जागाबिगा काही नाही. जागा आहे तशीच, शाळेतली. माझी भूमिती इलेक्ट्रॉनच्या अवस्थांची. ही एक अवस्था, ही दुसरी – दोघींत फरक किती? तेवढं त्यांच्यातलं अंतर. कुठं आहेत ह्याच्याशी देणंघेणं नाही, कशा आहेत ह्याच्याशी आहे. फरक नाही, तर अंतर शून्य."

"आणि तिसऱ्या मजल्यावरचे?"

"स्ट्रिंगवाले? ते पण क्वांटम जॉमेट्रीच म्हणतात की. त्यांची तिसरीच. त्यांच्या तारेला म्हणे एवढंसं वर्तुळ आणि एवढं मोठं वर्तुळ ह्यातला फरकच कळत नाही."

"आमच्या मामांना पण कळत नाही. त्यांना मी आणि मोठा शास्त्रज्ञ ह्यातला फरक कळत नाही."

मेदिनी खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. भट्रुंनी गल्ल्यावरून मान वर करून बघितलं.

मामांचं मात्र खरंच होतं. शरणूची इथली मुदत महिनाअखेर संपत होती. पुढच्या जागेसाठी त्यानं जिथं जिथं अर्ज टाकले तिथनं सगळ्यांचं एकच उत्तर – काम छान आहे, शुभेच्छा. मामांचे बागलकोटला बारावीचे क्लास. त्यांनी भिंतीवर भाच्याचं नाव रंगवूनसुद्धा घेतलेलं, नावापुढं 'बेंगळुरू रिटर्न' म्हणून.

"जाणार?" तिनं विचारलं.

"भिंत रंगवलीय की." तो उठला. "आणि दमलोय."

*

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी चौकट होती. वर लिहिलेलं – पुसू नका. आत काहीच नाही.

"हे काय आता?" मेदिनीनं विचारलं.

"माझं काम."

"आत काही नाहीये."

"म्हणूनच. चूक पण नाही."

तिथून सुरू झालं. रोज दुपारी खिडकीशी, फळ्यासमोर. चौकट तशीच रिकामी ठेवून दोघं तिच्या बाहेर-बाहेर लिहायचे. तो तिला दाणे समजवायचा, ती त्याला अवस्था. मधेच कुणीतरी जांभई द्यायचं आणि दुसऱ्यालाही यायची. ती पीएचडीच्या पाचव्या वर्षाला दमलेली, तो सगळ्यालाच. पण दमलेल्या माणसाशेजारी दमून बसण्यात पण एक सुख असतं, कारण हुशारी दाखवावी लागत नाही. कधी तो खडू द्यायचा आणि बोटाला बोट लागायचं. दोघंही मग फळ्याकडं असं बघायचे जसं फळ्यावरच काहीतरी झालं. 'तुम्ही' कधी गेलं कळलं नाही. 'मारायरे'चं 'माराया' झालं तेव्हा मात्र शरणूला कळलं, त्याचे कान लाल झाले.

"तुझ्या मालात इलेक्ट्रॉन करतात तरी काय?" एकदा त्यानं विचारलं.

"काही नाही करत. तोच तर त्रास आहे. सपाट पट्टा म्हणतात त्याला. एकेकटा ठेवला तर जागेवरनं हलत नाही. ना पुढं, ना मागं."

"ओळखतो मी त्यांना."

"ऐक तर, माराया! पण जोडी लागली की चालायला लागतात. नुसते चालत नाहीत, वाहतात – अडथळा नाही, धाप नाही. वेग कुठून आला विचारशील तर कुठूनच नाही. एकाची सावली शेजारच्यावर थोडी पडलेली असते ना, त्या भूमितीतून येतो."

"एकट्याचं काही नसतं, आणि जोडीचं होतं?"

"हो."

खिडकीतून वारा आला. तिचे केस त्याच्या बाहीवर आले, तिनं सावकाश ओढून घेतले. फारच सावकाश.

"कितीनं वाहतात पण?" तो म्हणाला.

आणि इथंच तिचं घोडं अडलेलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. कागदावर काढलं की एक यायचं, कॉम्प्युटर म्हणायचा अर्धा. तिच्या गाईड रंगनायकी मॅडमनी सांगून ठेवलेलं, आकडे जुळले की ये, तोवर तोंड दाखवू नकोस. मेदिनीनं तो हिशोब इतक्यांदा तपासलेला की आता डोळे आपोआप चुकीवरून घसरून जायचे.

"मी काढून बघू?" शरणू म्हणाला.

"तुला माझ्यातलं काय येतं?"

"काही नाही. म्हणून तर मी बरोबर माणूस. मी तुझ्या चुका करणार नाही. माझ्या स्वतःच्या करीन."

ह्या लोकांत एक रीत आहे. एखादा आकडा खरा की खोटा हे ठरवायचं तर दोघांनी वेगवेगळा काढायचा. अगदी पहिल्यापासून. मधे बोलायचं नाही, डोकावायचं नाही, कारण एकानं उत्तर सांगितलं की दुसऱ्याचा हात आपोआप तिकडं वळतो. दोघांचं झालं की मग ताडून बघायचं.

"आणि कॉफी पण नाही," मेदिनीनं बजावलं.

"कॉफीनं काय होतंय?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मी ओळखीन."

"काय काय दिसतं?"

तिनं बघितलं त्याच्याकडं. जरा जास्तच वेळ बघितलं. "ते... ताडून बघताना सांगीन," असं म्हणून खडू ठेवून ती निघून गेली.

*

आता बघा, दोन शहाणी माणसं मिळून किती वेडेपणा करू शकतात.

नाही बोलायचं म्हणजे नाहीच बोलले. जिन्यात समोर आले तर ती भिंतीकडं बघायची, तो चपलेकडं. तिनं कँटीनमधे एक कॉफी मागितली की भट्रु सवयीनं दोन पेले मांडायचे, मग एक उचलून परत ठेवायचे. तो ठेवल्याचा टण्ण असा आवाज व्हायचा. अख्खी कॉफी तिला संपायची नाही. अर्धा पेला गार व्हायचा, वर साय धरायची.

"भांडलात का गं?" भट्रुंनी विचारलं.

"नाही अण्णा. हिशोब चाललाय."

"आमच्यात हिशोब चालला की माणसं जास्त बोलतात."

मेदिनीचं उत्तर आठवड्याच्या आतच आलं. परत एक. अगदी पहिल्यापासून काढून, नवीन कागदांवर, परत तेच. तिनं पेन ठेवलं आणि खोलीत दिवा न लावता बसून राहिली. जाऊन सांगायला हरकत नव्हती. त्याचं दार त्याच कॉरिडॉरमधे, चार खोल्या सोडून – आधी कधी लक्षातच न आलेलं. पण त्याचं झालं नसेल तर? आपण सांगितलं तर त्याचा हात वळेल. नियम म्हणजे नियम.

हे तिनं स्वतःला सांगितलं. खरं वेगळंच होतं. ताडून बघून झालं की संपलं. मग त्याला थांबायला कारण नाही, आणि तिला विचारायला तोंड नाही. महिना संपत आलेला. ती रोज त्याच्या दाराखालची उजेडाची फट बघायची. फट असली की वाटायचं, चाललंय अजून त्याचं, बरंय. मग तिला तिचाच राग यायचा. एवढी मोठी बाई, अवस्थांमधली अंतरं मोजणारी, आणि चार खोल्या चालवेनात.

शेवटी एका दुपारी भट्रुंनी तिच्यासमोर बरणी ठेवली. शेंगाचटणीची, अर्धी.

"शरणू देऊन गेला. म्हणाला, सागरच्या माणसांना तिखट कळत नाही, पण मेदिनीला द्या. आज जातोय ना तो."

मेदिनी उठली ती कॉफी तशीच टाकून.

*

त्याच्या खोलीचं दार सताड उघडं. तो जमिनीवर बसून पुस्तकं पोत्यात भरत होता – पोत्यात, ज्वारीच्या! एवढी वर्षं शिकून माणसाला एक खोकं मिळत नाही.

"न सांगता चाललास?"

त्यानं वर बघितलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. "तूच म्हणालीस, बोलायचं नाही."

"चटणी द्यायला बोलता येतं भट्रुंशी!"

"भट्रु हिशोब करत नव्हते."

"शरणू, चेष्टा नको. तुझं उत्तर यायचं होतं म्हणून मी गप्प होते. अर्धवट टाकून चाललास ना? त्यापेक्षा आधीच नाही म्हणायचं!"

"अर्धवट?" तो उठून उभा राहिला. "माझं कधीच आलंय."

"काय?"

"कधीचं आलंय. तुझं यायचं होतं म्हणून थांबलो. मी येऊन सांगितलं असतं तर तू ओढून-ताणून तिकडंच नेलं असतंस."

मेदिनी पोत्यावर बसली.

"माझं पण आलंय," ती म्हणाली. "कधीचं."

खोलीत पंखा कुरकुरत होता. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि एवढे सगळे दिवस – ती गार कॉफी, ती दाराखालची फट, ते भिंतीकडं बघणं – सगळं मधे येऊन उभं राहिलं.

"मग दिवा का चालू असायचा रोज?" तिनं विचारलं.

"झोप कुठं येतीय? तुझी खोली अंधारी असायची. मला वाटायचं, ही मजेत झोपतीय."

"अंधारात बसायचे मी." तिचा आवाज चढला. "आणि तू परत तेच केलंस! परत फळा धरून बसलास. पुसलं नाही तोवर वाटतं काम चालूय. हो ना?"

त्यानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आणि तू?"

मेदिनीनं पोत्याचा एक दोरा ओढला. निघत नव्हता. "मी पण," ती म्हणाली.

*

फळ्यावर ती रिकामी चौकट तशीच होती. इतक्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता. पाटीला घाबरणारी जात ती.

ताडून बघायची पण रीत असते. दोघांनी एकाच वेळी लिहायचं, एकमेकांचं न बघता. ती चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, तो उजव्या. खडू वाजले. दोघं मागं सरले.

तिचं – एक. त्याचं – अर्धा.

"परत अर्धा," मेदिनी म्हणाली. रडू येतंय की हसू, तिला कळेना. "कॉम्प्युटर पण अर्धा, तू पण अर्धा. म्हणजे मीच..."

"थांब. घाई नको करू." त्यानं डोळे बारीक केले. "तू मोजलंस काय?"

"काय म्हणजे? जोडी."

"एक जोडी म्हणजे एक?"

"मग किती, माराया?"

"दोन की. मी दोघांना वेगवेगळं मोजलं. एकेकाच्या वाट्याला किती, ते काढलं."

वाऱ्यानं खिडकीचं दार आपटलं. मेदिनी चौकटीकडं बघत राहिली. एक आणि अर्धा. अर्धा आणि एक. पाच वर्षं, न झालेल्या झोपा, मॅडमचं बंद दार...

"बाय-टू," ती म्हणाली.

"काय?"

"कॉम्प्युटर पण बाय-टू करतोय! तो पण एकेकाचंच सांगतोय. चूक नाहीये कुठं, शरणू. कुणाचीच नाही."

ती हसत सुटली. हसता हसता भिंतीला टेकली, टेकता टेकता खाली बसली, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं खडूच्या हातानंच पुसलं. गालावर पांढरा पट्टा. शरणू तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा हात तिच्या गालापर्यंत आला आणि थोडं अलीकडं थांबला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मला पहिल्यांदाच दोन दिसले. तुला पहिल्यांदाच एक कसं दिसलं?"

"तुला एकट्याची सवय आहे म्हणून दोन दिसले."

"आणि तुला?"

"मी धरलं एक." ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आपलं आपणच धरून टाकलं. तुला विचारलं नाही... चुकलं असेल तर सांग."

तो थांबलेला हात पुढं आला. गालावरचा खडू त्यानं अंगठ्यानं पुसला, हळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"कुणाचीच चूक नाही म्हणालीस की आत्ता," तो म्हणाला.

*

बस संध्याकाळची होती आणि ती गाठायचीच होती. म्हणजे शरणू थांबला नाही. भिंत रंगवलेली, मामांना शब्द दिलेला, आणि नुसत्या एका दुपारीनं माणसाची पुढची नोकरी उगवत नाही. मेदिनीनंही थांब म्हटलं नाही. ती पोत्याचं एक टोक धरून गोरगुंटेपाळ्याच्या बसथांब्यापर्यंत आली. तिथं रस्त्याकडेच्या हॉटेलात उभ्या-उभ्या बाय-टू घेतली. काचेचे पेले, बोटं भाजणारे. त्यानं त्याच्यातली थोडी तिच्या पेल्यात ओतली.

"असं नाही करायचं. सारखी पाहिजे," ती म्हणाली.

"तुला अजून प्रकरण लिहायचंय."

"तुला अख्खी बारावी शिकवायचीय."

पहिला घोट घेतला नाही तोच बस आली. कंडक्टर ओरडायला लागला, पोतं वर गेलं, तो पेल्यासकटच चढला, मेदिनीनं हात हलवला. झालं. काळीज तुटल्यासारखं झालं, डोळे भरून आले...

आणि बस हललीच नाही.

पुढं सिग्नल, त्याच्या पुढं लॉरी, त्याच्या पुढं अख्खं बेंगळुरू. निरोप देऊन झालेला आणि माणूस तिथंच. हे फार अवघड असतं. हात कितीदा हलवणार? शेवटी खिडकीची काच सरकली आणि शरणूचं डोकं बाहेर आलं.

"हलत नाही," तो म्हणाला.

"एकटी असेल बिचारी."

तो हसला. ह्या वेळी तोंडानं पण. भुरभुर परत सुरू झालेली, त्याच्या कपाळावर बारीक थेंब. ती खिडकीखाली येऊन उभी राहिली, पेला छातीशी धरून.

"मेदिनी, बागलकोट लांब आहे गं."

"तुझ्या हिशोबानं."

"माझ्या हिशोबानं तर फारच. एकेक दाणा मोजला तर आयुष्य पुरणार नाही." तो थांबला. "तुझ्या हिशोबानं?"

"माझ्यात कुठं आहे ते नाही बघत. कसं आहे ते बघतात."

"बघ मग. कसा आहे मी?"

तिनं नीट बघितलं. सुजलेले डोळे, न झोपलेला चेहरा, कॉलरवर खडू. बसच्या काळ्या काचेत, त्याच्या शेजारीच, तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. सुजलेले डोळे. न झोपलेला. गालावर राहून गेलेला खडू.

"दमलेला," ती म्हणाली. "अगदी मेलेला. माझ्यासारखाच."

"म्हणजे?"

"म्हणजे काही फरकच नाही, माराया."

तो काहीतरी बोलायला गेला... आणि बस हलली. एकदम हलली, पहिल्या झटक्यातच पुढं गेली. त्याचा पेला असलेला हात खिडकीबाहेर, कॉफी सांडतेय, तो तिच्याकडं वळून बघतोय.

"अहो! ग्लास! आमचा ग्लास घेऊन चालले ते!" मागून हॉटेलवाला धावत आला.

मेदिनी वळली नाही. बस लॉरीमागं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं तिच्या वाट्याची अर्धी कॉफी सावकाश संपवली, रिकामा पेला हॉटेलवाल्याच्या हातात दिला आणि डोळे पुसत म्हणाली, "देईल आणून. तुम्ही दुसरा पुसून ठेवा."